घेताना एक, देताना दोन

पोर्तुगीज पारपत्र घेऊन इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीयांचा विषय निघाला की आपल्या वर्तुळातील एरवी समंजस असलेली माणसेही चढ्या सुरात बोलू लागतात. 18 जून 1946 रोजी डॉ. लोहियांनी मडगावात ज्यासाठी सभाबंदी मोडली, 1955 मध्ये नानासाहेब गोरे ज्यासाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले, त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही ज्यासाठी गोळ्यांना सामोरे गेले, त्या मुक्तीचे हेच का फळ, असा त्यांचा सवाल असतो. हल्ली या सवालाला एक पुरवणीही जोडली जाते. हे लोक तिकडे पौंड मिळवतात, बायकामुले इकडे ठेवतात, देशाला कर मात्र देत नाहीत. तेव्हा अमेरिकेप्रमाणे नागरिकत्वावर कर बसवा, म्हणजे यांना देश आठवेल, अशी ती पुरवणी.

या संतापामागील भावनेची टिंगल करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या वारसांना पारपत्राचा रंग खुपला तर नवल नाही. परंतु संताप योग्य आरोपीवर आहे की नाही, हे पाहणे समाजवाद्यांचे काम आहे. येथे आरोपी चुकला आहे, इतकेच नव्हे तर खरा आरोपी फिर्यादीच्या खुर्चीत जाऊन बसला आहे.

मागणीतील तर्कदोष प्रथम पाहू. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, आणि परकीय पारपत्र मिळविणे हा त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा धरावा असे 1956 च्या नियमांनी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो नियम वैध ठरविला. म्हणजे लिस्बनमधून पारपत्र हाती पडलेला साष्टीतला तरुण त्या दिवसापासून आपल्या दृष्टीने परका. ज्याचे नागरिकत्व आपणच काढून घेतले, त्याच्यावर नागरिकत्वाचा कर बसविणार कसा? असा कर बसलाच तर तो बसेल पारपत्र न बदलता आखातात राबणाऱ्या रत्नागिरीच्या गवंड्यावर आणि बोटीवरच्या तारवट्यावर. ज्याने देश सोडला नाही त्याला दंड आणि ज्याने सोडला त्याला सूट, असा हा न्याय होईल.

पोर्तुगालची बाजू याहून निराळी आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला मनुष्य जन्मतः पोर्तुगीज होता, सबब तो आणि त्याची संतती लिस्बनच्या दप्तरात जन्मनोंद करून ते नाते सिद्ध करू शकते, असे तो देश मानतो. एक राज्य म्हणते, हा मुळापासूनच आमचा. दुसरे म्हणते, हा अमुक तारखेला आपखुशीने फुटला. 1962 च्या मार्चमध्ये निघालेल्या आदेशाने गोवेकरांना जुने नागरिकत्व राखण्यासाठी एक महिन्याची मुदत दिली होती. जे गप्प राहिले ते भारतीय झाले. त्या महिन्यात गप्प राहिलेल्या आजोबाचा नातू 40-50 वर्षांनी लिस्बनला कागद पाठवतो तो सालाझारच्या प्रेमापोटी नव्हे. पोर्तुगाल 1986 मध्ये युरोपीय समुदायात गेला, त्यामुळे त्या पारपत्रावर स्विंडनच्या गोदामात, साउथॉलच्या स्वयंपाकघरात आणि विमानतळाच्या सफाईखात्यात काम मिळू लागले. गोव्यात त्याला तसे काम का मिळाले नाही, खाणी आणि पर्यटन यांतून निघालेला पैसा कोठे गेला, हा प्रश्न त्याला विचारायचा की गोव्याच्या राज्यकर्त्यांना?

आता त्याच्या घराकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. नवरा स्विंडनला, बायको कुडचड्याला. एकाचे पारपत्र पोर्तुगीज, दुसरीचे भारतीय. तिच्या बाजूची नोंद झालेली नसते, किंवा ती मुळात सावंतवाडीची अथवा कारवारची असते आणि तिच्या घराण्याचा लिस्बनशी संबंधच नसतो. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे लग्नाला तीन वर्षे झाल्यावर तिलाही नागरिकत्व मागता येते, पण मग घर, शेत, म्हातारी सासू यांचे काय, म्हणून ती मागत नाही. अशा जोडप्याकडे दोन्ही देशांचे कायदे कसे पाहतात, याचा हिशेब मांडला की एक विलक्षण सूत्र दिसते. काही घ्यायचे असले की नवराबायको एक. काही द्यायचे असले की दोन.

गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून चालत आली. वारसाहक्काचा तिचा भाग आता गोव्याच्याच नव्या कायद्याने घेतला असला, तरी विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा, हे तिचे तत्त्व टिकून आहे. हे तत्त्व पुरोगामी आहे, याविषयी शंका नको. उर्वरित भारतातील विवाहितेला जो हक्क कागदावरही नाही तो गोव्याच्या स्त्रीला दीडशे वर्षे आहे. आयकर कायद्याने मात्र त्याची दखल आपल्या पद्धतीने घेतली. 1994 च्या वित्त कायद्याने कलम 5अ घालण्यात आले, तेही 1963 पासून पूर्वलक्षी प्रभावाने. त्यानुसार पगार वगळता पती-पत्नीचे सर्व उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे वाटून प्रत्येकाच्या नावे धरायचे. संसदेने 2025 मध्ये जो नवा आयकर कायदा केला त्यातही ही तरतूद कायम आहे.

दोघे एकाच छताखाली राहत असतील तर ही वाटणी फायद्याची ठरते. मध्ये सीमा आली की काय होते पाहा. कुडचड्याच्या बाईचे शिवणाचे आणि कापडाचे दुकान आहे आणि त्यातून तिला वर्षाला 10 लाख रुपये निव्वळ उत्पन्न आहे असे धरू. कोल्हापूरच्या बाईने तेवढेच मिळविले, तिचा नवरा दुबईत असला तरी, 2025-26 या वर्षाच्या नव्या पद्धतीच्या दरांनी तिला कर शून्य. कारण 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीने माफ होतो. कुडचड्याच्या बाईचे 5 लाख तिच्या नावे, 5 लाख नवऱ्याच्या नावे. तिचा कर शून्य. नवऱ्याचा मात्र शून्य नाही, कारण ती सवलत केवळ निवासी व्यक्तीला आहे आणि तो अनिवासी. पहिले 4 लाख सोडून उरलेल्या 1 लाखावर 5 टक्के म्हणजे 5,000, वर 4 टक्के उपकर, एकूण 5,200 रुपये. ज्या दुकानात त्याने कधी कात्रीही धरली नाही त्या दुकानासाठी त्याने स्विंडनहून विवरणपत्र भरायचे. 5,200 रुपये ही रक्कम मोठी नाही, हे मान्य. परंतु त्या विवरणपत्रासाठी सल्लागार जी फी घेतो ती त्यात धरलेली नाही. आणि मुख्य म्हणजे समान श्रमाला समान कर हे तत्त्व येथे केवळ नवरा सीमेपलीकडे आहे म्हणून मोडले आहे.

पगार वाटणीतून वगळला, हे तिच्या हिताचेच झाले, नाहीतर विलायतेतल्या मजुरीचा निम्मा भाग येथे तिच्या डोक्यावर आला असता. पण तोच नवरा उद्या गोदाम सोडून स्वतःची टॅक्सी चालवू लागला तर? टॅक्सीचे उत्पन्न पगार नव्हे, तो धंदा. मग त्याचा निम्मा वाटा कुडचड्याच्या निवासी बायकोच्या उत्पन्नात धरायचा काय? अशा प्रश्नावर वाद घालायला वकील परवडणारा वर्ग वेगळा आहे.

बँकेत तर याहून अधिक गंमत. नवरा परदेशी स्थायिक झाला की त्याचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते. त्या अनिवासी सामान्य खात्यातील व्याजावर बँक मुळातच 30 टक्के आणि वर उपकर कापून घेते. निवासी माणसाच्या ठेवीवर हीच कपात 10 टक्के, तीही ठरावीक मर्यादेनंतर. आणि उत्पन्न करपात्र नसेल तर 15ग हा साधा नमुना भरून तीही टाळता येते. 15ग अनिवासी माणसाला खुला नाही. संयुक्त खात्यात ज्याचे नाव पहिले त्याच्या हिशेबाने कपात, आणि आपल्याकडे पहिले नाव कोणाचे असते हे सांगायला नको. ब्रिटनशी झालेल्या करारानुसार हा दर 15 टक्क्यांवर येऊ शकतो; त्यासाठी ब्रिटिश करखात्याचे निवास-प्रमाणपत्र आणून येथील नमुन्यासह सादर करावे लागते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने हे करावे अशी अपेक्षा आहे. तो करत नाही. कापलेले पैसे परत मागण्यासाठी विवरणपत्र भरायचे असते, तेही बहुधा भरत नाही. मोठा ठेवीदार मात्र विदेशी चलनातून भरलेल्या अनिवासी बाह्य खात्यात पैसे ठेवतो. त्या खात्यावरील व्याजाला आयकरच नाही. एकाच बँकेत, एकाच खिडकीवर, ज्याला माहिती आहे त्याला शून्य टक्के आणि ज्याला नाही त्याला 30 टक्के. करविषयक समतेचे पाठ विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकविल्यावर हे पाहणे मोठे करमणुकीचे आहे.

ही झाली आपली बाजू. आता ब्रिटनची. 31 डिसेंबर 2020 नंतर ज्याचे लग्न झाले त्या पोर्तुगीज पारपत्रधारकाच्या बायकोला युरोपीय नागरिकांसाठीच्या जुन्या सवलतीत प्रवेश नाही. त्या तारखेपूर्वीचे टिकाऊ नाते सिद्ध करता आले तरच गोष्ट वेगळी. तिला कौटुंबिक व्हिसा काढावा लागतो, आणि त्यासाठी नवऱ्याची वार्षिक मिळकत अमुक एवढी असावी अशी अट आहे. 2012 मध्ये ती 18,600 पौंड ठरली. एप्रिल 2024 मध्ये ती 29,000 पौंडांवर नेण्यात आली. त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनमधील कायदेशीर किमान वेतन ताशी 11.44 पौंड झाले. आठवड्याला 40 तास, वर्षाचे 52 आठवडे राबले तर होतात सुमारे 23,800 पौंड. म्हणजे पूर्ण वेळ काम करणाऱ्या, एकही दिवस न चुकविणाऱ्या किमान वेतनावरच्या कामगाराला बायको आणण्याचा अधिकार नाही. कायद्याने त्याला जेवढे वेतन पुरेसे ठरविले, तेवढे वेतन दुसऱ्या कायद्याने संसाराला अपुरे ठरविले.

हे ज्यांच्या सरकारने केले ते पंतप्रधान ऋषी सुनक. त्यांच्या घरातील गोष्ट एप्रिल 2022 मध्ये, ते अर्थमंत्री असताना, जगाने वाचली. त्यांच्या पत्नी अक्षता मूर्ती भारतीय नागरिक. इन्फोसिसमधील आपल्या भागभांडवलावर मिळणाऱ्या परदेशी उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर न देण्याची, तेथील कायद्याने मान्य असलेली 'कायम अधिवास अन्यत्र' ही सवलत त्या घेत होत्या. त्यापोटी वर्षाला 30,000 पौंडांची ठोक रक्कम त्या भरत असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, हे कारण त्यांच्या वतीने पुढे करण्यात आले. गवगवा झाल्यावर त्यांनी सर्व उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरण्याचे जाहीर केले, आणि ती सवलतच पुढे एप्रिल 2025 पासून मोडीत निघाली. त्यांनी कायदा मोडला असे कोणीही म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. कायदा मोडावा लागत नाही, हीच तर श्रीमंतीची व्याख्या! परंतु दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एका घरात बायकोचे परदेशी उत्पन्न कराबाहेर ठेवण्यासाठी वर्षाला 30,000 पौंड भरले जात होते. दुसऱ्या घरात बायको जवळ ठेवण्यासाठी वर्षाला 29,000 पौंड मिळवून दाखवावे लागतात. दोन्ही घरांत एक जण परकीय, एक स्वकीय. पहिल्या घरी सीमा हे भांडवल होते, दुसऱ्या घरी ती शिक्षा आहे. पोर्तुगालनेही 2012 पासून पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्या परकीयाला निवासाचा परवाना दिला. घरखरेदीची ही वाट 2023 मध्ये बंद झाली, पण तोवर जगभरचे धनिक तीवरून जाऊन आले. त्यांना कोणी मुक्तिसंग्रामाची आठवण करून दिल्याचे ऐकिवात नाही.

'अमेरिकेप्रमाणे' या शब्दाकडेही थोडे पाहू. परदेशी राहणाऱ्या नागरिकाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर बसविणारी अमेरिका जवळजवळ एकटीच आहे. दुसरे नाव घ्यायचे तर एरिट्रियाचे. यादवी युद्धाच्या काळात सुरू झालेली ही पद्धत तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1924 मध्ये उचलून धरली. तिचा जाच कोणाला होतो? पुण्याच्या मुलीचा नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि दोघांचे पुण्यात संयुक्त खाते असेल, तर 10,000 डॉलरच्या वर शिल्लक गेली की त्या खात्याची वर्दी त्याने अमेरिकन सरकारला द्यायची. 2010 च्या तेथील कायद्यानुसार आणि 2015 मध्ये आपण केलेल्या करारानुसार आपल्या बँकाही अशा खात्यांची माहिती पुरवितात. अमेरिकेशी जिचा काडीचा संबंध नाही तिच्या शिवणकामाचे पैसे तेथील दप्तरात जातात. आणि अमेरिकन अब्जाधीशांच्या संपत्तीला या व्यवस्थेने किती ओरखडा उमटला ते दिसतेच आहे. जगदीश भगवतींनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी स्थलांतरित तज्ज्ञांवर कराची कल्पना मांडली तेव्हा तिच्यामागे निदान एक तर्क होता: गरीब देशाच्या खर्चाने शिकलेला डॉक्टर आणि अभियंता श्रीमंत देशाला फुकट मिळतो. गोदामातल्या हमालाला तो तर्क लावणे हा अर्थशास्त्राशीही विनोद आहे. 2020 च्या अर्थसंकल्पात अन्यत्र कर न भरणाऱ्या भारतीय नागरिकाला निवासी मानण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पहिली धडकी आखातातल्या मजुरांना भरली. खुलासे झाले आणि अखेर 15 लाखांहून अधिक भारतीय उत्पन्न असलेल्यांपुरती ती तरतूद राहिली, ते योग्यच झाले.

विवाहित स्त्रीचे नागरिकत्व हा तर या सर्व व्यवहारातला सर्वांत जुना बळी. 1907 च्या कायद्याने परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावी. 1922 मध्ये सुधारणा झाली, पण आशियाई नवरा केलेल्या स्त्रीला तिचा लाभ नव्हता. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविण्यात आले, त्यामुळे भारतीयांशी संसार थाटलेल्या अमेरिकन स्त्रियाही 1931 पर्यंत या तडाख्यात सापडल्या. तेथे सूत्र होते: बायको नवऱ्यामागे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1955 मध्ये बिहारचे एक प्रकरण आले. जुलै 1948 मध्ये पाकिस्तानात जाऊन परतलेल्या स्त्रीचे म्हणणे होते की आपला पती भारतात, म्हणून आपला अधिवास भारतात. न्यायालयाने सांगितले, पतीचा अधिवास काहीही असो, स्थलांतर तिचे, परिणाम तिला. मालमत्ता निर्वासितांची म्हणून गेली. येथे सूत्र उलटे: बायको स्वतंत्र. दोन देश, दोन उलट सूत्रे, आणि दोन्हीकडे हरली ती बाईच.

ही जुनी कथा आहे असे कोणी समजू नये. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल 2025 मध्ये अटारीच्या फाटकावर भारतीय पारपत्र असलेल्या, पाकिस्तानात नांदणाऱ्या स्त्रिया अडकून पडल्या. त्यांच्या मुलांची पारपत्रे पाकिस्तानी असल्याने मुलांना पलीकडे जाण्याची मुभा होती, आईला नव्हती. परदेशी वंशाच्या पत्नीला भारताचे परदेशस्थ नागरिक हे कार्ड मिळण्यासाठी विवाह नोंदून दोन वर्षे झालेली असावी लागतात, आणि न्यायालयाने विवाह मोडला की ते कार्ड रद्द होऊ शकते. नवऱ्याने हाकलले की देशानेही हाकलावे, असा हा सहधर्म!

तर मग आपण मागायचे काय? दुहेरी नागरिकत्व मागा असे काही मित्र सुचवितात. माझे मत तसे नाही. मताचा अधिकार ज्याला येथल्या निर्णयांचे परिणाम भोगायचे आहेत त्याला असावा, हे तत्त्व सोडू नये. पण त्याच न्यायाने कराचे बंधनही राहण्याशी आणि मिळकतीशी जोडलेले असावे, पारपत्राशी किंवा लग्नाशी नव्हे. भारतात ज्याचे एकूण उत्पन्न निवासी माणसाच्या करमाफीच्या मर्यादेत आहे त्या अनिवासी व्यक्तीला तीच माफी मिळाली पाहिजे. फार तर अन्यत्रच्या मिळकतीची अट घाला, म्हणजे धनिक त्यात घुसणार नाहीत. 15ग नमुना अशा लहान ठेवीदाराला खुला करावा. कलम 5अ खालील वाटणी सक्तीची न ठेवता, पती-पत्नींपैकी एक अनिवासी असेल तर उत्पन्न ज्याच्या श्रमाचे त्याच्या नावे धरण्याची मुभा द्यावी. सामाईक मालमत्तेतील स्त्रीचा निम्मा हक्क त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, कारण कर आकारणी वेगळी आणि मालकी वेगळी. विवाह मोडला म्हणून येथे वर्षानुवर्षे राहिलेल्या स्त्रीचे कार्ड रद्द करण्याची तरतूद काढून टाकावी.

ब्रिटनच्या अटीबद्दल आपण काय करणार, असे विचारले जाईल. 24 जुलै 2025 रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यासोबत, कंपन्या तात्पुरत्या पाठवितात त्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत तेथील सामाजिक विम्याच्या वर्गणीतून सूट देण्याचेही ठरले. कंपन्यांचा खर्च वाचावा म्हणून आपल्या सरकारने कित्येक वर्षे चिकाटीने वाटाघाटी केल्या. 29,000 पौंडांच्या अटीला या कराराने हात लावलेला नाही. तिच्यामुळे ज्या स्त्रिया मागे राहिल्या आहेत त्या भारतीय नागरिक आहेत, त्यांच्यासाठी बोलणे हे दिल्लीचे कर्तव्य आहे; नवऱ्याचे पारपत्र कोणत्या देशाचे हा मुद्दा तेथे गैरलागू ठरतो. गोवा आणि सिंधुदुर्गातील आपल्या कार्यकर्त्यांनी अशा घरांतून जाऊन बँकांच्या कपातीच्या पावत्या एकत्र कराव्यात, आणि संसदेतील आपल्या मित्रांनी अर्थमंत्र्यांना एवढेच विचारावे की अनिवासी सामान्य खात्यांतील व्याजावर कापलेल्या करापैकी, ज्यांचे भारतातील उत्पन्न करपात्र नव्हते अशा किती खातेदारांनी तो परत मागितलाच नाही, आणि त्याची एकूण रक्कम दरवर्षी किती होते.